वीजवाहिनी आधी की वीजकेंद्र आधी? अनिश्चित भविष्यासाठी पारेषण जाळ्याचे नियोजन : नवोदितांसाठी मार्गदर्शक

दाभोळच्या वीजकेंद्राचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने त्याची वीज घेणे थांबवले आणि केंद्र बंद पडले. २००६ मध्ये ते नव्या मालकीखाली पुन्हा सुरू झाले आणि पुढे वायूच्या टंचाईमुळे पुन्हा मंदावले. त्याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेस, जैतापूर येथे, सहा अणुभट्ट्यांचा ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प योजलेला आहे. त्याचे प्राथमिक करार २०१० मध्ये झाले, पण अणुभट्ट्यांचे बांधकाम अजून सुरू झालेले नाही. आता २००० साली कोकणच्या पुढील वीस वर्षांच्या वाहिन्या आखायला बसलेल्या अभियंत्याची कल्पना करावी. दाभोळ बंद पडेल, पुन्हा उघडेल, जैतापूर घोषित होईल आणि तरीही उभे राहणार नाही, हे त्याला कळणे शक्यच नव्हते. अंदाज चुकला म्हणून त्याला दोष देता येत नाही. मात्र एकाच अंदाजावर सगळे जाळे टांगले असते, तर तो दोष त्याचाच ठरला असता.

पारेषण कंपनीच्या नियोजन विभागात नव्याने रुजू झालेले अभियंते, विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि नियामक आयोगापुढे येणारे प्रस्ताव समजून घेऊ पाहणारे ग्राहक-प्रतिनिधी यांच्यासाठी हा लेख आहे. यातील गणित बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे जात नाही. प्रत्यक्ष कामात संगणक लागतो, पण संगणकाला काय विचारायचे हे आधी कागदावर ठरवावे लागते, आणि नवोदितांची गाडी बहुधा तिथेच अडते.

या विषयाची मुख्य अडचण काळाची आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, पण त्याची वीज वाहून नेणाऱ्या अतिउच्चदाब वाहिनीला सर्वेक्षण, निविदा, वनखात्याची परवानगी, शेतकऱ्यांचा मोबदला आणि मनोऱ्यांची उभारणी धरून चार-पाच वर्षे सहज लागतात. शिवाय एकदा उभी राहिलेली वाहिनी ३५ वर्षे सेवेत राहील असे धरून तिचा खर्च वीजदरातून वसूल केला जातो. म्हणजे ज्या प्रकल्पाचा अर्जही अजून आलेला नाही, त्याच्यासाठी मनोरे आज ठरवावे लागतात. प्रकल्पाची वाट पाहिली तर वीज अडकून पडते आणि आधी वाहिनी उभारली तर ती रिकामी राहण्याचा धोका असतो. अंडे आधी की कोंबडी, या प्रश्नावर अमेरिकेतील टेक्सास राज्याने ‘आधी वाहिनी’ असे उत्तर दिले. पश्चिम टेक्सासमधील वाऱ्याच्या पट्ट्यांसाठी राज्याने २००८ मध्ये आराखडा मंजूर केला आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून जवळपास ५,८०० किलोमीटर वाहिन्या उभारल्या. पवनचक्क्या त्यामागून आल्या. तेथे हे साधले, कारण वारा कुठे आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. प्रश्न फक्त गुंतवणूक केव्हा येईल एवढाच होता. सगळीकडे अनिश्चितता इतकी सोज्वळ नसते.

पायरी १ : आज नेमके काय ठरवायचे आहे, ते लिहून काढा

‘२०३५ चे जाळे कसे असावे’ हा प्रश्न चर्चासत्रासाठी ठीक आहे, नियोजकासाठी तो फार मोठा आहे. कागदावर दोन स्तंभ करावेत. पहिल्या स्तंभात या वर्षी निर्णय घेतला नाही तर हातून निसटतील अशा गोष्टी येतात : उपकेंद्राची जागा, वाहिनीचा मार्ग, मनोऱ्याचा प्रकार, व्होल्टेजची पातळी. दुसऱ्या स्तंभात दोन-तीन वर्षांनी ठरवल्या तरी चालणाऱ्या गोष्टी येतात : दुसऱ्या सर्किटच्या (म्हणजे त्याच मनोऱ्यांवरील दुसऱ्या स्वतंत्र संचाच्या) तारा, वाढीव रोहित्रे, कपॅसिटर, बॅटरी. हा दुसरा स्तंभ जितका लांब करता येईल तितके पुढचे काम सोपे होते, कारण त्यातील प्रत्येक ओळीला अधिक माहिती हाती आल्यावर ठरवण्याची सवलत मिळते.

पायरी २ : आजचे जाळे नीट मांडा

यासाठी लोड फ्लोचा, म्हणजे कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहते याचा, अभ्यास लागतो. नियोजनाच्या सुरुवातीला सरळ रेषेचे, म्हणजे ‘डीसी लोड फ्लो’ म्हणून ओळखले जाणारे, सोपे रूप पुरते. त्यात व्होल्टेज सगळीकडे सारखे धरतात, गळती सोडून देतात, आणि वाहिनीतील प्रवाह हा दोन टोकांच्या व्होल्टेजच्या कोनांतील फरक भागिले रिअ‍ॅक्टन्स असा काढतात; रिअ‍ॅक्टन्स म्हणजे बदलत्या (एसी) प्रवाहाला वाहिनीकडून होणारा अडथळा. (नावात डीसी असले तरी त्याचा एचव्हीडीसी, म्हणजे उच्चदाबाच्या एकदिश प्रवाहाच्या, वाहिन्यांशी संबंध नाही. हा गोंधळ दरवर्षी कोणीतरी करतोच.)

एक गोष्ट या टप्प्यावरच अंगात भिनली पाहिजे : वीज करार वाचून वाहत नाही. समजा, दोन गावांमध्ये एकच वाहिनी आहे आणि तिची क्षमता २५० मेगावॅट आहे. तिला समांतर अशी, दुप्पट रिअ‍ॅक्टन्सची पण केवळ ८० मेगावॅट क्षमतेची दुसरी वाहिनी जोडली. एकूण क्षमता ३३० होईल असे वाटते. प्रत्यक्षात प्रवाह २ : १ या प्रमाणात विभागला जातो. धाकट्या वाहिनीची ८० ची मर्यादा गाठली जाते तेव्हा थोरलीत १६० मेगावॅट असतात, आणि एकूण क्षमता २४० वर थांबते. पैसे खर्च करून क्षमता दहा मेगावॅटने घटली. रस्ता किंवा जलवाहिनी यांच्या उपमा पारेषणाला अर्ध्यावरच लागू पडतात, त्या या कारणाने.

जाळ्याचे एकच चित्र पुरत नाही. पूर्वी वर्षातील सर्वाधिक मागणीचा एक तास तपासला की काम भागत असे. आज महाराष्ट्रात निदान चार तास तपासावे लागतील : उन्हाळ्यातील दुपार, जेव्हा सौर वीज भरपूर असते, त्याच दिवसाची संध्याकाळ, जेव्हा सौर वीज मावळलेली असते आणि कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांवर भार येतो, पावसाळ्यातील रात्र, जेव्हा सातारा, सांगली, धुळे या पट्ट्यांत वारा जोरात आणि कृषिपंप बंद असतात, आणि रब्बीच्या हंगामातील सिंचनाचा दिवस. एखाद्या वाहिनीवर सर्वाधिक ताण येण्याची वेळ आणि राज्याच्या सर्वाधिक मागणीची वेळ एकच असेल, असे आता गृहीत धरता येत नाही.

पायरी ३ : अनिश्चिततांची दोन ढिगांत वाटणी करा

पहिल्या ढिगात वारंवार घडणाऱ्या गोष्टी येतात : ढग, वारा, उष्म्याची लाट, वाहिनी किंवा संच ट्रिप होणे, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडणे. यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात, त्यावरून संभाव्यता काढता येते, आणि हजारो कृत्रिम तास चालवून पाहण्याची माँटे कार्लो पद्धत इथे शोभते. दुसऱ्या ढिगात एकदाच उलगडणाऱ्या गोष्टी येतात : धोरण, न्यायालयाचा आदेश, एखाद्या मोठ्या उद्योगाचे येणे किंवा न येणे, बॅटरीची किंमत. यांना संभाव्यतेचा आकडा देता येतो, पण तो मोजमाप नसून मत असते. या दोन्ही ढिगांची सरमिसळ करून सगळ्यावर एकच सरासरी काढणे ही नवोदितांची सर्वात महागात पडणारी चूक आहे. ढगांची सरासरी काढता येते, जैतापूरची काढता येत नाही. तेथे ४,९५० मेगावॅट उभे राहतील असे म्हणणे म्हणजे कधीच न घडणारे भविष्य निवडणे होय.

दुसऱ्या ढिगातील काही उदाहरणे जवळून पाहू, कारण प्रत्येकाचा जाळ्यावरील परिणाम वेगळा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. त्यात वितरण उपकेंद्रांजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून कृषिपंपांना दिवसा वीज द्यायची आहे. योजना पूर्ण वेगाने झाली तर ग्रामीण भागातील अतिउच्चदाब रोहित्रांतून दुपारी खाली येणारा प्रवाह घटेल, काही ठिकाणी उलटाही वाहील. पण ढगाळ आठवड्यात तीच रोहित्रे पूर्वीइतकीच लागतील. म्हणजे वापर कमी होईल, गरज मात्र तशीच राहील. याच्या उलट नवी मुंबईतील डेटा सेंटर : हा भार एका ठिकाणी, दिवसरात्र जवळपास सपाट आणि दोन-तीन वर्षांत झपाट्याने वाढणारा असतो. अर्ज मात्र प्रत्यक्ष वापराच्या कितीतरी पट येतात, आणि तोच विकासक दोन राज्यांत अर्ज करून ठेवतो. सह्याद्रीतील उदंचन जलविद्युत प्रकल्पांची, म्हणजे पाणी पंपाने वर चढवून नंतर त्यावर वीज बनवणाऱ्या प्रकल्पांची, तऱ्हा तिसरीच आहे. टाटा पॉवरने २०२३ मध्ये शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. असे प्रकल्प झाले तर ते दुपारी भार आणि संध्याकाळी वीजकेंद्र असतील, म्हणजे त्याच वाहिनीतून दिवसात दोनदा विरुद्ध दिशांनी वीज जाईल.

मागणी आणि निर्मिती यांच्यापलीकडेही अनिश्चितता असते. राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातील वाहिन्यांवर निर्बंध घातले, काही वाहिन्या भूमिगत करण्यास सांगितले, आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. मागणीचा अंदाज कितीही अचूक असता, तरी या तीन वर्षांचे उत्तर त्यातून मिळाले नसते. मार्गाधिकाराचा, म्हणजे वाहिनीखालच्या जमिनीचा, प्रश्न याच जातीचा आहे. मोबदला वाढेल, मार्ग वळवावा लागेल, एखाद्या मनोऱ्यासाठी दोन वर्षे जातील, हे ‘अपवाद’ म्हणून नव्हे तर एक स्वतंत्र अनिश्चितता म्हणून यादीत लिहावे.

पायरी ४ : भविष्यचित्रे रंगवा, पण मोजकी

तीन ते सहा पुरेत. ‘कमी, मध्यम, जास्त’ अशी एकाच आकड्याची तीन रूपे करणे सोपे असते आणि म्हणूनच ते सर्रास केले जाते; पण त्यात नकाशा बदलत नाही, फक्त त्याची प्रत मोठी-लहान होते. चांगल्या भविष्यचित्रांत वीज वेगळ्या दिशेने वाहते. महाराष्ट्रासाठी एका चित्रात मराठवाडा आणि सोलापूरकडे मोठे सौर प्रकल्प वाढून वीज पूर्वेकडून मुंबई-पुण्याकडे वाहते. दुसऱ्यात सौर निर्मिती गावोगावी विखुरते आणि लांबचा प्रवाह घटतो. तिसऱ्यात घाटमाथ्यावरचे उदंचन प्रकल्प वेळेवर होतात. चौथ्यात किनाऱ्यावर मोठे केंद्र येते. प्रत्येक चित्र आतून सुसंगत असावे. उदंचन प्रकल्प भरपूर आणि दुपारची सौर वीज तुटपुंजी, असे चित्र रंगवले तर तो पंप कोणत्या विजेवर चालणार, असा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल.

एक चित्र मुद्दाम अप्रिय ठेवावे, म्हणजे कार्यालयात कोणालाच घडायला नको आहे असे. ब्रिटनमध्ये पारेषण यंत्रणेच्या चालकाने प्रत्येक प्रस्ताव चार वेगवेगळ्या भविष्यचित्रांत तपासून त्यातील ‘सर्वात वाईट पश्चात्ताप’ सर्वात कमी असेल तो निवडण्याची पद्धत वापरली. ती कशी चालते ते पुढे येईलच.

पायरी ५ : पर्यायांची यादी वाहिन्यांपुरती ठेवू नका

‘काहीच न करणे’ हा पहिला पर्याय नेहमी लिहावा, कारण बाकी सगळ्यांची किंमत त्याच्याशी ताडून पाहिली जाते. त्यानंतर जुन्या मनोऱ्यांवर अधिक तापमान सहन करणाऱ्या नव्या तारा बसवणे, श्रेणी-कपॅसिटर किंवा फेज-शिफ्टिंग रोहित्राने प्रवाहाची वाटणी बदलणे, टोकाशी बॅटरी ठेवणे, हवामानानुसार वाहिनीची क्षमता तासातासाला मोजणे, असे पर्याय येतात. यांचे आयुष्य किंवा क्षमता कमी असेल, पण ते लवकर उभे राहतात, आणि काही तर उचलून दुसरीकडे नेता येतात.

शिवाय ‘दार उघडे ठेवणारे’ पर्याय असतात. दुहेरी सर्किटचे मनोरे उभारून आज एकाच सर्किटच्या तारा ओढायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वाहिनी ७६५ केव्हीची बांधून सुरुवातीची काही वर्षे ती ४०० केव्हीवर चालवणे, हीसुद्धा भारतात अनेकदा वापरलेली युक्ती आहे. त्यामागील कारण समजून घ्यावे. वाहिनीचा नैसर्गिक भार, म्हणजे व्होल्टेज न ढळता ती सहज वाहून नेते तेवढी वीज, ढोबळपणे व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे २२० केव्हीला सुमारे १३०, ४०० केव्हीला सुमारे ५०० आणि ७६५ केव्हीला २,२०० मेगावॅटच्या आसपास असे आकडे येतात; जमिनीचा पट्टा मात्र त्या प्रमाणात रुंद होत नाही. जेथे जमीन हीच सर्वात दुर्मीळ वस्तू आहे, तेथे पट्टा एकदाच मिळवून व्होल्टेज नंतर वाढवणे शहाणपणाचे ठरते. त्याहून स्वस्त पर्याय म्हणजे उपकेंद्राची जागा आधी घेऊन ठेवणे. हा पर्याय अहवालांत क्वचितच दिसतो, कारण मोकळ्या जागेचे उद्घाटन होत नाही.

पायरी ६ : हिशेब मांडा

आता एक काल्पनिक उदाहरण पूर्ण सोडवू. एका पठारावर सौर प्रकल्प येणार आहेत. किती येतील ते माहीत नाही. तीन भविष्यचित्रे : ३०० मेगावॅट (कमी), ७०० मेगावॅट (मध्यम) आणि १,५०० मेगावॅट (जास्त). तीन पर्याय आहेत. अ : २२० केव्हीची दुहेरी वाहिनी. ब : ४०० केव्हीची दुहेरी वाहिनी, सगळी आजच. क : ४०० केव्हीचे दुहेरी मनोरे, पण आज एकाच सर्किटच्या तारा, दुसरे सर्किट गरज दिसल्यावर. पुढील एकूण खर्च कोटी रुपयांत आणि आजच्या मूल्यात आहे. त्यात वाहिनीचा खर्च, अडकून पडलेल्या विजेचे नुकसान आणि नंतर करावी लागणारी वाढ हे सगळे धरले आहे.

पर्याय अ : कमी ४००, मध्यम ७००, जास्त १,६००
पर्याय ब : कमी ९००, मध्यम ९००, जास्त ९५०
पर्याय क : कमी ६५०, मध्यम ७५०, जास्त १,०५०

आधी प्रत्येक भविष्यचित्र सुटे घेऊन त्यातील सर्वात स्वस्त पर्याय शोधा. कमी असेल तर अ, मध्यम असेल तरी अ, जास्त असेल तर ब. पर्याय क कोणत्याच चित्रात पहिला येत नाही. म्हणजे जो नियोजक प्रत्येक भविष्यासाठी वेगळा ‘सर्वोत्तम आराखडा’ काढतो आणि मग त्या आराखड्यांतूनच एक निवडतो, त्याच्या टेबलावर क कधी येणारच नाही. हीच रीत सर्वाधिक प्रचलित आहे, म्हणून या मुद्द्यावर थांबून विचार करावा. लवचीक पर्यायाचे मोल एका भविष्यात दिसत नाही. सगळी भविष्ये शेजारी-शेजारी मांडली की मगच ते दिसते.

आता पश्चात्तापाचा तक्ता करा. पश्चात्ताप म्हणजे त्या भविष्यात आपला पर्याय सर्वोत्तम पर्यायापेक्षा किती महाग पडला, तो फरक. अ चा पश्चात्ताप अनुक्रमे ०, ०, ६५०. ब चा ५००, २००, ०. क चा २५०, ५०, १००. प्रत्येकाचा सर्वात वाईट आकडा पाहिला तर अ ६५०, ब ५०० आणि क २५०. या कसोटीवर क निवडला जातो.

दुसरी कसोटी सरासरीची. तिन्ही भविष्ये समान शक्य मानली तर अ चा सरासरी खर्च ९००, ब चा सुमारे ९१७ आणि क चा सुमारे ८१७ कोटी. येथेही क पुढे आहे. पण कमी, मध्यम, जास्त यांना ७०, २० आणि १० टक्के शक्यता दिली, तर अ चा खर्च ५८० आणि क चा ७१० होतो, आणि उत्तर फिरते. म्हणून शक्यता ठरवण्यासाठी वाद घालण्याऐवजी उलटा प्रश्न विचारावा : शक्यता किती असेल तर उत्तर बदलेल? मध्यम भविष्याला ३० टक्के ठेवले तर ‘जास्त’ ची शक्यता सुमारे २४ टक्क्यांच्या वर गेली की क स्वस्त पडतो. बैठकीत ‘या पठारावर १,५०० मेगावॅट येण्याची शक्यता नेमकी किती’ या प्रश्नावर एकमत होणे अवघड असते. ‘ती चारात एकपेक्षा जास्त आहे का’ यावर ते बरेचदा होते.

तिसरी कसोटी मजबुतीची : कोणत्याही भविष्यात होणारा सर्वाधिक खर्च सर्वात कमी ठेवायचा. तिच्यानुसार ब निवडला जातो, कारण त्याचा सर्वात मोठा खर्च ९५० आहे. ही कसोटी सावध आहे, पण तिची किंमत उघड सांगितली पाहिजे : कमी भविष्य आले तर ५०० कोटी वाया. पश्चात्तापाच्या कसोटीचीही एक खोड आहे. यादीत एखादे टोकाचे भविष्य घातले किंवा काढले की उत्तर बदलू शकते, त्यामुळे यादी कोणी केली हे महत्त्वाचे ठरते. माझे मत असे की तिन्ही कसोट्या लावाव्यात आणि उत्तर एकच आले नाही तर ते तसेच लिहावे. मतभेद झाकण्यासाठी चौथी कसोटी शोधू नये.

थांबण्याचे मोल दोन भागांचे असते. दहा टक्के दराने पाच वर्षांनंतरचे १०० कोटी आजच्या सुमारे ६२ कोटींइतके असतात, हा एक भाग. तोपर्यंत माहिती वाढते, हा दुसरा भाग. पहिला भाग हिशेबनीस धरतोच, दुसरा नियोजकाने धरायचा असतो.

पायरी ७ : सुरक्षिततेची चाळणी लावा

स्वस्त निघालेला आराखडा जाळे सांभाळू शकेल का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. एन-१ कसोटी सांगते की कोणताही एक घटक बाहेर गेला तरी उरलेले जाळे आपापल्या मर्यादेत राहिले पाहिजे. पण १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवावी. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या काही तासांत एकामागोमाग बाहेर गेल्या, शहराला वेगळे काढून चालू ठेवणारी यंत्रणा टिकली नाही, आणि दहा वाजण्याच्या सुमारास मुंबई आणि परिसर अंधारात गेला, लोकल जागेवर थांबल्या. त्या दिवशी केवळ एकच बिघाड झाला नव्हता. एक दुरुस्त होण्याआधी पुढचा झाला होता. म्हणून महत्त्वाच्या शहरांसाठी ‘एक बाहेर असताना दुसरा’ ही कसोटीही लावावी. मुंबईसाठी खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. तिची गरज त्याआधी कित्येक वर्षे नियोजनाच्या कागदांवर होती. दाट वस्तीत उपकेंद्राची जागा आणि मार्ग मिळणे हे मागणीच्या अंदाजाहून अधिक अनिश्चित असते, याचे याहून जवळचे उदाहरण नाही.

आपला पर्याय क या चाळणीत कसा टिकतो? पहिल्या काही वर्षांत सर्किट एकच आहे. ते ट्रिप झाले तर पठारावरची सौर निर्मिती एकदम तुटेल. राष्ट्रीय जाळे मोठे असल्याने एवढी निर्मिती अचानक गेली तरी ते सावरू शकते. त्यामुळे निर्मिती बाहेर काढणाऱ्या वाहिनीसाठी हा धोका पत्करता येईल. तीच वाहिनी एखाद्या शहराला पुरवठा करणारी असती, तर क बाद झाला असता. तक्त्यातील उत्तर जसेच्या तसे दुसऱ्या जागी नेता येत नाही, ते यासाठी.

याच टप्प्यावर सोपे डीसी रूप सोडून पूर्ण एसी अभ्यास करावा : व्होल्टेज, शॉर्ट सर्किटची पातळी, स्थैर्य. सौर आणि पवन निर्मिती इन्व्हर्टरमधून येते, त्यामुळे दूरच्या टोकाशी जाळे ‘दुबळे’ पडते आणि व्होल्टेज डळमळते. वाहिनीची तापमान-मर्यादा शिल्लक असूनही तिच्यातून वीज काढता न येणे हा अनुभव आता नवा राहिलेला नाही.

पायरी ८ : खुणा ठरवून ठेवा

पर्याय क निवडला, तर दुसऱ्या सर्किटच्या तारा कधी ओढायच्या, हे त्याच अहवालात लिहावे. ‘गरजेनुसार’ हा शब्द तेथे चालत नाही. खूण मोजता येईल अशी असावी : उदाहरणार्थ, जमीन ताब्यात असलेले आणि कर्ज मंजूर झालेले प्रकल्प ५०० मेगावॅटपलीकडे गेले, किंवा सलग दोन तिमाहींत रोखाव्या लागलेल्या विजेचे नुकसान ठरावीक रकमेपुढे गेले, की काम सुरू. केवळ अर्जांचा आकडा खूण म्हणून धरू नये. खुणेपासून काम पूर्ण होईपर्यंत लागणारा काळही मोजावा. तारा ओढायला दीड वर्ष लागणार असेल, तर खूण अडचणीच्या दीड वर्ष आधी दिसणारी हवी. आराखडा दरवर्षी पुढे सरकत असतो, तेव्हा या खुणांची नोंद वार्षिक आढाव्यात पहिल्या पानावर घ्यावी, कारण खुणा ठरवणारा अधिकारी तोपर्यंत बदली होऊन गेलेला असतो.

पायरी ९ : प्रस्ताव लिहा

वाहिनीचा खर्च शेवटी ग्राहकाच्या वीजबिलातच उतरतो. रिकाम्या वाहिनीचाही उतरतो, आणि वाहिनी नसल्यामुळे अडलेल्या स्वस्त विजेचाही उतरतो. फरक इतकाच की पहिला खर्च आयोगापुढील कागदात दिसतो आणि दुसरा दिसत नाही. प्रस्तावात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्यावेत. नाकारलेले पर्याय कारणांसह लिहावेत. कोणत्या भविष्यात हा निर्णय चुकीचा ठरेल, तेही एका परिच्छेदात स्पष्ट सांगावे. सुनावणीत तो प्रश्न कोणीतरी विचारणारच असतो आणि उत्तर आधीच लिहिलेले असले की चर्चा लवकर मुद्द्यावर येते.

सरावासाठी

गार्व्हर यांनी १९७० मध्ये मांडलेले सहा बसचे, म्हणजे सहा जोडबिंदूंचे, जाळे आजही जगभर पहिला धडा म्हणून सोडवले जाते. त्यात एकूण भार ७६० मेगावॅट आहे, निर्मिती-क्षमता १,११० मेगावॅट आहे, आणि ६०० मेगावॅटचे सर्वात मोठे केंद्र सहाव्या बसवर, जाळ्यापासून तुटलेले आहे. प्रत्येक केंद्राची निर्मिती आधीच ठरवून दिली, तर सर्वात स्वस्त विस्ताराचा खर्च २०० एकक येतो. केंद्रांची निर्मिती वाहिन्यांच्या सोयीने बदलू दिली, तर तो ११० वर उतरतो. पायपीएसए किंवा पँडापॉवर या मोफत साधनांनी हे दोन्ही आकडे आधी स्वतः काढून पाहावेत. ते जुळले की सहाव्या बसवरील केंद्राची क्षमता एका भविष्यात ३००, दुसऱ्यात ६०० आणि तिसऱ्यात ९०० धरावी, पाचव्या बसवरील २४० मेगावॅटचा भार दोन भविष्यांत दीडपट करावा, आणि वरच्यासारखा पश्चात्तापाचा तक्ता भरावा. पुरवठा अपुरा पडेल तेथे न पुरवलेल्या विजेलाही किंमत लावण्यास विसरू नये. तक्ता भरून झाल्यावर कोणत्याच भविष्यात पहिला न आलेला, पण सर्वात वाईट पश्चात्ताप कमी ठेवणारा एखादा आराखडा सापडतो का, हे शोधावे. सापडला नाही, तर पायरी ५ कडे परत जाऊन पर्यायांची यादी वाढवावी.